रिटायर्ड लोकांसाठीच्या मेडिक्लेमच्या जाहिराती: फोटो आपला, आकडा कोणाचा?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे म्हणून सविस्तर लिहिते. माणूस रिटायर झाला की ऑफिसचा मेडिक्लेम बंद होतो आणि नेमक्या त्याच सुमारास मेडिक्लेमच्या जाहिराती त्याच्या मागे लागतात. पेपर उघडला की पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं, तीन हात नाक्याला सिग्नलला थांबलं की होर्डिंगवर तेच, यूट्यूबवर अभंग लावला की मध्येच परत तेच, आणि संध्याकाळी फोन येतात ते वेगळेच. आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर यावर रोज बोलणं व्हायचं पण गाडी "सगळे लुटतात" इथे येऊन थांबायची. म्हणून आम्ही ठरवलं की जाहिराती कापून एका वहीत चिकटवायच्या आणि प्रत्येकीच्या तळाची बारीक अक्षरं भिंग लावून वाचायची. मी शाळेत गणित शिकवायचे, आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. जाहिरातीत सरळ खोटं सहसा नसतं, आयआरडीएआयचे, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, जाहिरातींसाठी नियम आहेत आणि कंपन्या ते सांभाळून लिहितात. पण फोटो आपला असतो आणि आकडा दुसऱ्याच कोणाचा असतो. "महिना अमुक रुपयांपासून" असं मोठ्या अक्षरात, त्याच्या डोक्यावर बारीकशी फुली, आणि तळाला त्या फुलीचा खुलासा की हा हप्ता पंचविशीतल्या, कुठलाही आजार नसलेल्या, अमुक शहरात राहणाऱ्या एका माणसाचा. आता फोटोतले आजी-आजोबा पंचविशीतले नाहीत हे उघड आहे. शहराचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बऱ्याच कंपन्या देशाचे झोन पाडतात आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे सगळं मिळून सगळ्यात महाग झोनमध्ये जातं, त्यामुळे छोट्या शहरासाठी छापलेला आकडा आपल्याला लागूच होत नाही.

दुसरी गोष्ट, "१ कोटीचं कव्हर". वहीतल्या अशा बऱ्याच जाहिरातींत खाली लिहिलेलं होतं की ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर ९५ लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे मोठ्या बिलांसाठीची जोडपॉलिसी. यात वाईट काही नाही, उलट सुपर टॉप-अप स्वस्तात मिळतो आणि माझ्या मते चांगली सोय आहे. पण त्याला डिडक्टिबल असतं, म्हणजे वर्षभरातली पहिली ५ लाखांची बिलं त्याच्या हिशोबात नाहीत, ती मूळ पॉलिसीतून नाहीतर खिशातून. आणि आपल्या वयाला जी बिलं होतात ती बहुतेक त्या पहिल्या ५ लाखांतच असतात, मोतीबिंदू, हर्निया, न्यूमोनिया, प्रोस्टेट. तेव्हा १ कोटी बघून भुलण्यापेक्षा त्या पहिल्या ५ लाखांच्या अटी वाचायच्या, आपलं सगळं नशीब तिथे आहे.

त्या अटी काय करतात ते मी कट्ट्यावर फळ्यावर मांडून दाखवलं, तोच हिशोब इथे देते. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे. खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. शिवाय २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा हिस्सा आपण भरायचा. न्यूमोनिया झाला, ६ दिवस ॲडमिट, घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली कारण तीच रिकामी होती. बिल २,५०,००० झालं. त्यात खोली ४८,०००, डॉक्टर-नर्सिंग-प्रोसिजर वगैरे १,१२,०००, औषधं आणि तपासण्या ८०,०००, ग्लोव्ह्ज-मास्क-डायपर असलं किरकोळ सामान १०,०००.

लोकांना वाटतं खोलीचा वरचा फरक दिवसाला ३,००० म्हणजे १८,००० जातील आणि विषय संपला. तसं होत नाही. खोलीचे ३०,००० मिळाले. पण खोली मर्यादेच्या वरची घेतली म्हणून डॉक्टर-नर्सिंगचं बिलही त्याच प्रमाणात, ५ भागिले ८, कापलं जातं, म्हणजे १,१२,००० चे ७०,०००. औषधं-तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तसा नियम आहे, ते ८०,००० पूर्ण धरले. किरकोळ सामानाचं शून्य. बेरीज १,८०,०००. त्यावर २० टक्के को-पे, ३६,००० गेले. कंपनी देणार १,४४,०००, आणि आपण १,०६,०००. ५ लाखांचं कव्हर, अडीच लाखांचं बिल, तरी एक लाखाच्या वर खिशातून. फळ्यावर हे उतरलं तेव्हा आमच्यातले दोघं तिघं उठून घरी पॉलिसीची फाइल काढायला गेले.

तर मंडळी, तुमच्याकडे आलेल्या जाहिराती, फोन, अनुभव लिहा. एजंट लोकांनीही लिहावं, चांगले एजंटही आहेत.

ऐरोली_सेक्टर८

ताई फार छान मांडलंत, तो ५/८ चा हिशोब मी नवऱ्याला वाचून दाखवला, त्याला दोनदा सांगावं लागलं.

माझ्या सासूबाईंना (वय ६६) रोज फोन येतात. परवाचा फोन असा होता की ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे उद्यापासून तुमच्या वयाला पॉलिसी मिळणारच नाही, ६५ च्या वर कोणी देत नाही आम्ही स्पेशल केस म्हणून करून देतोय. त्या बिचाऱ्या इतक्या घाबरल्या की मी ऑफिसातून येईपर्यंत कार्ड हातात घेऊन बसल्या होत्या. हे खरं आहे का की ६५ नंतर मिळत नाही?

तलावपाळी

ऐरोली, अजिबात खरं नाही. पूर्वी कंपन्यांना निदान ६५ वयापर्यंत पॉलिसी देणं बंधनकारक होतं आणि त्यापुढे द्यायची की नाही ही त्यांची मर्जी असायची. १ एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने ती वयाची अटच काढून टाकली, कंपन्यांनी सगळ्या वयोगटांसाठी पॉलिसी ठेवायच्या आहेत. आता याचा अर्थ प्रत्येक कंपनी प्रत्येक माणसाला हो म्हणेलच असा नाही, तब्येत बघून नाकारू शकतात किंवा हप्ता वाढवू शकतात, पण "उद्यापासून मिळणार नाही" ही शुद्ध भीती घालणं आहे आणि म्हाताऱ्या माणसाला अशी भीती घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सासूबाईंना सांगा की रात्री बाराची मुदत कोणी देऊ लागलं की फोन ठेवायचा. आणि समजा घेतलीच, तरी पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात, आधी १५ दिवस होते. झालेल्या तपासण्यांचा वगैरे खर्च वजा करून बाकी पैसे परत मिळतात.

विमा_सल्लागार_ठाणे

मी १९ वर्षं या धंद्यात आहे, वर्तकनगरला ऑफिस आहे, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

काकूंचा हिशोब बरोबर आहे, मी स्वतः गिऱ्हाइकाला असाच कागदावर काढून देतो. पण को-पे म्हणजे फसवणूक असा सूर नको. ६८ वर्षांचा माणूस आहे, शुगर आहे, एक स्टेंट आहे, त्याला बिनाको-पेची पॉलिसी बऱ्याच कंपन्या देतच नाहीत किंवा हप्ता असा सांगतात की पेन्शन त्यातच जाईल. त्याला २० टक्के को-पे घेऊन ८० टक्क्यांची सोय होत असेल तर ती घ्यावी असं मी सांगतो. अगदीच विमा नसण्यापेक्षा ते बरं. फक्त त्याला आधी माहीत पाहिजे की प्रत्येक बिलात पाचवा हिस्सा माझा, आणि तेवढे पैसे एफडीत वेगळे ठेवले पाहिजेत.

दुसरं, "पहिल्या दिवसापासून बीपी-शुगर कव्हर" ही जाहिरात. अशा पॉलिसी खरंच आहेत, जास्त हप्ता घेऊन देतात. पण लोक दोन वेगळे वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबायचे काळ, एकत्र करतात तिथे घोळ होतो. एक असतो आधीपासून असलेल्या आजारांचा, तो आता जास्तीत जास्त ३ वर्षं, पूर्वी ४ होता. दुसरा असतो ठरावीक आजारांच्या यादीचा, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघे बदलणं असली यादी, तो बहुतेक ठिकाणी २ वर्षं असतो आणि तुम्हाला तो आजार आधी असो वा नसो, लागू होतोच. जाहिरात पहिल्याबद्दल बोलते, आणि गिऱ्हाईक आठव्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून बसतं कारण त्याला वाटतं सगळंच पहिल्या दिवसापासून आहे. मग ते माझ्यावर चिडतं. म्हणून मी आता ती यादी पहिल्यांदा वाचून दाखवतो, मगच बाकीचं बोलतो.

तलावपाळी

सल्लागार साहेब, राग कशाला मानू, हेच पाहिजे होतं. को-पेबद्दल तुमचं पटलं, माझ्या लिहिण्यात तो भाग आला नव्हता. माझा आक्षेप एवढाच की २० टक्के को-पे ही गोष्ट वहीतल्या एकाही जाहिरातीत मोठ्या अक्षरात नव्हती, ब्रोशरच्या आत होती.

घोडबंदर_रोड

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत (७१ आणि ६७) त्यामुळे आजवर कधी स्वतंत्र पॉलिसी बघितलीच नाही. आता बाबांना त्यांच्या बँकेतून मेसेज आलाय, खातेदारांसाठी खास मेडिक्लेम, मेडिकल टेस्ट नाही, एक पानी फॉर्म, हप्ता पण बाहेरच्यापेक्षा बराच कमी आहे. ब्रँचमधली मुलगी चांगली आहे, बाबांना काका काका करते, बाबा सही करायला तयार आहेत. घ्यावी का?

विमा_सल्लागार_ठाणे

घेण्याआधी एकच विचारा, ही ग्रुप पॉलिसी आहे की वैयक्तिक. बँकेच्या खातेदारांसाठीच्या बऱ्याच पॉलिसी ग्रुप असतात. म्हणजे करार बँक आणि विमा कंपनीचा, बाबांच्या हातात येतं ते सर्टिफिकेट. बँकेने उद्या कंपनी बदलली किंवा योजना बंद केली तर बाबांच्या हातात फार काही राहत नाही. वैयक्तिक पॉलिसीचं तसं नसतं, हप्ता वेळेवर भरत राहिलात तर केवळ वय झालं किंवा क्लेम केला म्हणून ती रिन्यू करायला नकार देता येत नाही.

आणि जीएसटीचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, ग्रुपवर तो तसाच आहे.

कोपरखैरणे१५

जीएसटीवरून आठवलं. गेल्या दिवाळीत मला मेसेज आला होता, "फेस्टिव्ह ऑफर, प्रीमियमवर १८% बचत". ती बचत कंपनीने दिलेली नव्हती हो, सरकारने कर काढला तेवढाच तो फरक. असा मेसेज आला तर गेल्या वर्षीची पावती काढायची आणि त्यातला कर सोडून मूळ हप्ता किती होता तो यंदाच्या हप्त्याशी ताडून बघायचा, मग खरी वाढ की घट ते कळतं. मी तसं केलं.

पण मला मुख्य लिहायचंय ते "मेडिकल टेस्ट नाही" याबद्दल. घोडबंदर, इथे नीट लक्ष दे बाबा. टेस्ट नाही म्हणजे कंपनीला तुमच्या आजारांशी देणंघेणं नाही असं नसतं, ते फॉर्ममध्ये विचारतात आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि तो फॉर्म एजंट भरतो. माझ्या मोठ्या भावाची पॉलिसी अशीच एका माणसाने घरी येऊन भरली, बीपी आहे का, शुगर आहे का, सगळीकडे "नाही"वर टिचक्या, भावाने सांगितलं की बीपीची गोळी चालू आहे, तर म्हणाला काका एका गोळीला आजार म्हणत नाहीत, सही करा. पुढे हार्टचं दुखणं निघालं, डिस्चार्ज पेपरवर डॉक्टरने लिहिलं "बीपीचा दहा वर्षांपासूनचा त्रास". कंपनीने क्लेम फेटाळला, आजार लपवला म्हणून. ३ लाख ४० हजारांचं बिल.

आम्ही आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं. महिनाभर वाट बघितली, उत्तर आलं ते तेच, नाही म्हणून. मग विमा लोकपालाकडे गेलो, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. बऱ्याच जणांना माहीत नाही पण ठाण्यातच लोकपालाचं ऑफिस आहे, आपल्या नवी मुंबईचे अर्ज पण तिथेच जातात, चर्चगेटला वगैरे जायला लागत नाही. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. आमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती, पॉलिसी सलग सातव्या वर्षात होती. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनी "आजार सांगितला नव्हता" एवढ्या कारणावर क्लेम नाकारू शकत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध केली तरच. ही मुदत आधी ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ५ केली. पुतणीने तो नियम छापून अर्जाला जोडला. पैसे मिळाले, थोडी कपात होऊन. पण त्या काळात भावाने जे टेन्शन घेतलं ते हार्टच्या माणसाने घ्यायला नको होतं.

म्हणून फॉर्म स्वतः भरा. गोळी चालू आहे तर गोळीचं नाव लिहा, किती वर्षं ते लिहा. हप्ता वाढला तर वाढू दे.

ऐरोली_सेक्टर८

बापरे. कोपरखैरणे दादा, भावाची तब्येत आता कशी आहे? आणि अर्जाला मुदत असते का काही?

कोपरखैरणे१५

आता बरे आहेत, रोज वाशीच्या मिनी सीशोअरला चालायला जातात. मुदत आहे, कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जायला लागतं. त्याआधी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकता येते, किंवा १५५२५५ ला फोन. कंपनीचं प्रत्येक उत्तर लेखीच घ्या, फोनवर काय बोलले ते कोणी धरत नाही.

नेरूळची_माई

सगळ्यांचं वाचलं. मी ७४ वर्षांची आहे आणि एकटी राहते. मुद्दाम लिहितेय कारण यातल्या एकाही जाहिरातीत ७० वर्षांच्या वरच्यांसाठी सरकारने काय दिलंय ते सांगत नाहीत आणि आमच्या विरंगुळा केंद्रात निम्म्या बायकांना ते ठाऊक नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पेन्शन किती ते विचारत नाहीत, फ्लॅट स्वतःचा आहे का ते विचारत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ॲडमिट होऊन घेतलेले उपचार. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. नवराबायको दोघं ७० च्या वर असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. आणि खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं.

आता यात काय नाही तेही लिहिते नाहीतर माझीही जाहिरातच व्हायची. ओपीडी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत. आणि सगळी खासगी हॉस्पिटलं यात नाहीत, जे नेहमीचं आहे ते यादीत आहे का ते आधी बघावं लागतं, १४५५५ वर विचारता येतं, पण मी म्हणेन हॉस्पिटलच्या काउंटरवर स्वतः जाऊन विचारा आणि नुसतं "आयुष्मान घेता का" विचारू नका, "ह्या आजाराला घेता का" असं विचारा, कारण काही ठिकाणी ठरावीक विभागांनाच आहे. वय आधार कार्डावरून धरतात, माझ्या मैत्रिणीच्या आधारवर वय दोन वर्षं कमी लागलं होतं, तिचं आधी ते दुरुस्त करायला लागलं.

कार्ड फुकट निघतं. आमच्या सेक्टरमध्ये एकजण ५०० रुपये घेऊन काढून देत होता, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून हाकललं.

घोडबंदर_रोड

माई हे तर मला माहीतच नव्हतं, बाबा ७१ आहेत, या रविवारीच काढतो. आई ६७ ची, तिला नाही ना मिळणार?

नेरूळची_माई

नाही बाळा, तिचे ७० पूर्ण झाले की. तोपर्यंत तिच्यासाठी खरी पॉलिसी बघ, बाबांपेक्षा तिची काळजी जास्त कर.

लोकलवाला

मी सेंट्रल रेल्वेतून रिटायर, डोंबिवली सोडून आता कळव्याला मुलाकडे असतो. रेल्वेच्या माणसांसाठी सांगतो, ज्यांनी रिटायर होताना रेल्वेची मेडिकल स्कीम घेतलीये आणि तिचं उमीद कार्ड आहे त्यांनी असल्या जाहिरातींनी गडबडून जाऊ नये. कल्याणचं हॉस्पिटल आहे, भायखळ्याचं आहे, तिथून बाहेरच्या हॉस्पिटलला रेफर करतात. माझा बायपास असाच झाला, एक रुपया लागला नाही. वेळ लागतो, रांग असते, ते कबूल. केंद्र सरकारवाल्यांना त्यांची आरोग्य योजना, सीजीएचएस, आहे. सांगायचं कारण, माझ्या एका सोबत्याने फोनवरच्या पोरीच्या सांगण्यावरून ४६ हजारांची पॉलिसी घेतली आणि आता तीन वर्षांनी म्हणतो वापरलीच नाही, रेल्वेतच जातो. आधी आपल्याकडे काय आहे ते माणसाने मोजावं.

ऐरोली_सेक्टर८

अजून एक. सासूबाईंना एक फोन असाही आला की आम्ही आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस जमा झालाय तो सोडवायला नवीन पॉलिसीचा एक हप्ता भरा.

तलावपाळी

तो सरळ चोर. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, हे वाक्य खरं म्हणजे विम्याच्या कागदांवर आणि जाहिरातींच्या तळाला छापलेलं असतं, पण ते इतकं बारीक की ज्याला वाचायला हवं त्यालाच दिसत नाही. अशा फोनची पोलिसात तक्रार करा, सायबरसाठी १९३० आहे. पैसे गेले असतील तर त्याच तासात करा.

वहीतलं राहिलेलं थोडं लिहून टाकते. "९८ टक्के क्लेम मंजूर" हा आकडा किती क्लेम निकाली निघाले याचा असतो. प्रत्येकात किती कापलं ते त्यात येत नाही. मी वर मांडलेला १,०६,००० च्या कपातीचा न्यूमोनियाही त्या हिशोबात "मंजूर"मध्येच बसतो. "टॅक्स वाचवा" पण बघा, ज्येष्ठांना आयकरात विम्याच्या हप्त्यासाठी ५०,००० पर्यंत वजावट आहे हे खरं, पण जुन्या कर पद्धतीत, आणि आमच्या कट्ट्यावरचे बहुतेक नव्या पद्धतीत गेलेत, त्यांना त्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे विमाच नाही आणि जुन्या पद्धतीत आहेत अशा ज्येष्ठांना औषधपाण्याचा खर्चसुद्धा त्याच मर्यादेत दाखवता येतो, हे मात्र कुठलीच जाहिरात सांगत नाही.

आणि झोनवरून, एका गृहस्थांना एजंटने सुचवलं की पॉलिसी साताऱ्याच्या गावच्या पत्त्यावर काढा, स्वस्त पडेल. राहतात माजिवड्याला, ॲडमिट होणार ठाण्यात. काही पॉलिसींत स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन महाग झोनमध्ये उपचार घेतले तर वेगळा को-पे लागतो. चार पैसे हप्त्यात वाचवून नेमके बिलात घालवायचे. शिवाय फॉर्मवर राहता पत्ता चुकीचा लिहायचा हेच मुळात बरोबर नाही.

विमा_सल्लागार_ठाणे

माझ्याकडून एक पुस्ती. तुलना करायला काहीतरी माप लागतं, नाहीतर प्रत्येक ब्रोशर वेगळीच भाषा बोलतं. मी गिऱ्हाइकाला आरोग्य संजीवनीचं कोष्टक देतो. ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे, कुठल्याही कंपनीकडे घ्या अटी त्याच. को-पे ५ टक्के, खोली विम्याच्या रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० च्या वर नाही, आयसीयू ५ टक्के पण १०,००० च्या वर नाही, मोतीबिंदूला एका डोळ्याला ४०,००० किंवा विम्याच्या रकमेचे २५ टक्के यातलं जे कमी ते. ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या मानाने ५,००० ची खोली अपुरी पडते, त्यामुळे घ्याच असं म्हणत नाही. पण समोरची "ज्येष्ठांसाठी खास" पॉलिसी या कोष्टकाशेजारी ठेवली की ती कुठे जास्त देते आणि कुठे कमी ते पाच मिनिटांत दिसतं.

आणि हप्त्याचं, जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. रिन्यूअलची नोटीस भलतीच वाढून आली तर लेखी कारण मागा.

घोडबंदर_रोड

अपडेट देतो. बँकेत मी स्वतः गेलो. विचारलं ग्रुप की वैयक्तिक, त्या मुलीला माहीत नव्हतं, तिने प्रामाणिकपणे वर फोन लावला, ग्रुपच निघाली. मग माहितीपत्रक मागितलं, ते सीआयएस म्हणतात ते, कंपनीला द्यावंच लागतं आणि सगळ्या अटी त्यात थोडक्यात असतात. ताईंनी वर जे मांडलंय तेच प्रश्न ईमेलने पाठवले: आमच्या वयाचा आणि आमच्या पिनकोडचा हप्ता किती, खोलीला मर्यादा आहे का, को-पे किती आणि तो पुढे वयानुसार वाढतो का, कुठल्या आजारांना किती महिने थांबायचं, मोतीबिंदूला किती मिळणार, आमच्या घराजवळच्या दोन हॉस्पिटलांत कॅशलेस आहे का. चार दिवसांनी उत्तर आलं. खोली १ टक्का, को-पे २० टक्के, मोतीबिंदू ३०,०००. बाबांनी ते वाचलं आणि स्वतःच म्हणाले राहू दे.

बाबांचं वय वंदना कार्ड निघालं. आता आईसाठी माझ्या ऑफिसच्या ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचारलंय, म्हणजे मी नोकरी बदलली तरी तिचं चालू राहील.

विमा_सल्लागार_ठाणे

जाता येतं, मायग्रेशन म्हणतात त्याला, कंपनी तब्येत बघून ठरवते पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये मोजली जातात, जुन्या रकमेपुरती. ग्रुपचं रिन्यूअल कधी आहे? निदान ३० दिवस आधी अर्ज गेला पाहिजे.

घोडबंदर_रोड

१ एप्रिल.

तलावपाळी

मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच देऊन टाक, शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नकोस. आणि फॉर्म भरताना आईला शेजारी बसव, थायरॉइडची गोळी, जुनं ऑपरेशन, सगळं तिला विचारून लिही, झेरॉक्स घरी ठेव. ते ईमेलचे प्रश्न इथे दिलेस ते बरं केलंस, मी मराठीत टाइप करून बुधवारी कट्ट्यावर वाटते. माई, तुमच्या विरंगुळा केंद्रासाठी किती प्रती काढू?

नेरूळची_माई

चाळीस काढ. आणि अक्षर मोठं ठेव.